चुन्याची रेघ ओढलेला दगड

दुपारचे चार वाजले होते. झुबेरने जीप घरालगतच्या गॅरेजबाहेर काढली ती नुसती चढावर चालवून बघायला. पवनानगर-लोणावळा वडापची, सीटवर पॅसेंजर नेणारी ही जीप त्याच्या अब्बांनी, चाँदभाईंनी, सत्तावीस वर्षं चालवली. अब्बांना जाऊन वर्ष झालं आणि झुबेरने तिचा पार कायापालट केला. रुंद टायर, चार बोटं उंच केलेली बॉडी, ओढ्याचं पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून टपापर्यंत नेलेली नळी, अडलेली गाडी झाडाला दोर बांधून ओढून घ्यायला पुढे विंच. कॅम्पवाल्यांची गिऱ्हाइकं आता डोंगरात फिरवायची होती. स्वारी स्वतःच्या कामावर बेहद्द खूश होती.

त्याची अम्मी नसीम मात्र जीपभोवती एक फेरी मारून म्हणाली होती, "सगळं झकास केलंस. पण ह्यांचं काय ठेवलंस रे हिच्यात?"

ते त्याला फार लागलं. खरंच काही ठेवलं नव्हतं, अब्बांचा दगडसुद्धा नाही. जुना हॅण्डब्रेक कधी धरतच नसे. चढावर गाडी थांबली की मागे दाराशी बसलेला खाली उडी मारी आणि सीटखालचा, चुन्याची रेघ ओढलेला दगड चाकामागे लावी. निघताना तो उचलून आत टाकी, पत्र्यावर दोन थापा मारी, की अब्बा गाडी सोडत. त्या थापा मारायला मिळाव्यात म्हणून लहानपणी झुबेर भांडायचा. पण नव्या ब्रेकला दगड कशाला, म्हणून त्याने तो गॅरेजच्या उंबऱ्यात सिमेंट घालून पक्का केला होता.

वाटेत कोंडाजी आबा भेटले. जुने पॅसेंजर, हक्काने पुढे चढून बसले.

दुधिवरे खिंडीच्या अलीकडे झुबेरने गाडी कच्च्या चढावर घातली. धुकं दाटून आलं होतं. ओल्या लाल मातीचा वास सुटला होता. मागे वळण, आणि वळणाखाली दरी. अर्ध्या चढावर त्याने हॅण्डब्रेक ओढला आणि विंचचा दोर बांधायला वरच्या झाडाकडे निघाला.

पाठीमागे टक् असा आवाज झाला. गाडी उंच केली, पण ब्रेकची नवी वायर जुन्याच मापाची घातली होती. ती ताणून तुटली. आबांना घेऊन जीप मागे सरकू लागली.

दोन हात सरकली आणि थांबली.

तो धावत आला. मागच्या चाकाला दगड लागला होता. दगडावर चुन्याची रेघ होती.

"आबा... तुम्ही उतरला होता?"

"न्हाई रं. माजं गुडघं कुटं उतरू देत्यात..." आबांचा आवाज बारीक झाला. "पर मागनं कुनीतरी उडी मारली. मला वाटलं, तूच..."

झुबेर कसाबसा आत बसला. आरशात नुसतं धुकं होतं. गियरवर हात धजेना. मग पत्र्यावर थाप पडली. एक... दोन.

त्याने गाडी काढली.

आबांना त्यांच्या दारात सोडून तो गॅरेजवर आला, गाडी अंगणातच ठेवली आणि आधी उंबरा पाहिला. दगड तिथेच होता, सिमेंटात घट्ट. त्यावर ताजी लाल माती होती आणि मातीत नव्या टायरची नक्षी उमटली होती.

त्याने पहार घेतली. रडत रडत दगड उपटला आणि सीटखाली जुन्या जागी ठेवला. जीव शांत झाला. "चुकलं माझं, अब्बा," तो म्हणाला.

धुकं अंगणात उतरलं होतं. नसीम दारातून डोकावली.

"गाडीत मागे कोण बसलंय रे? पाठमोरं दिसतंय. चहा तरी विचार त्यांना."