मांडीवर दिलेलं बाळ

ही गोष्ट खरी आहे.

मीठमसाला लावून सांगायची मला हौस नाही आणि आता वयही नाही. माझ्या अम्मीच्या बाबतीत घडलं. शहरबानू तिचं नाव. तेव्हा तिच्या कडेवर आठ महिन्यांची हलिमा होती, ती म्हणजे मी. त्यामुळे बाळाचं काय झालं म्हणून जीव टांगणीला लावू नका. बाळ इथे शारजात, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये बसून तुमच्याशी बोलतंय. पण पुढचं सांगताना मी त्या बाळाला हलिमाच म्हणेन. मला तसं सोपं जातं.

१९६७चा उन्हाळा. रात्र नव्हती... भर दुपार होती. भुतं काय घड्याळ बघून येतात?

अबू धाबीच्या पश्चिमेला समुद्रात एक डोंगराळ बेट आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, तिथे आजही माणसं राहतात. तेव्हा यूएई वगैरे काही झालं नव्हतं. माझे अब्बा, कमरुद्दीन, त्या बेटावर विजेच्या इंजिनाचे मिस्त्री होते. अम्मी रत्नागिरीहून पहिल्यांदाच आली होती. पाहुणीच म्हणा ना. पावसाळा संपला की परत जाणार होती.

लाँच लागायची बेटाच्या एका अंगाला आणि अब्बांची खोली दुसऱ्या अंगाला. मधे डोंगर. तो ओलांडायला सगळ्या बेटावर एकच गाडी, मागे ताडपत्री टाकलेली जुनी लँड रोव्हर. ती नाही मिळाली तर गाढव.

गाडीचा ड्रायव्हर वली. बलोची माणूस, पण लहानाचा मोठा बेटावरच झालेला. लाँचमधून उतरलेल्या अम्मीकडे त्याने पाहिलं, बाळाकडे पाहिलं. सलामसुद्धा न घेता अब्बांना म्हणाला, "औरत को आगे बिठाओ. पीछे नहीं."

पुढे बसायचं म्हणजे वलीला खेटून. अब्बा तापले.

"हमारी औरत गैर मर्द के बाजू में नहीं बैठती."

"बच्चेवाली को पीछे नहीं बिठाते, मिस्त्री."

"क्यों?"

वली रस्त्यावर थुंकला. "मर्जी आपकी. यल्ला, चलो."

झालं. अब्बा स्वतः पुढे बसले आणि अम्मीला मागे पाठवलं.

मागची फळी उंच. अंगात बुरखा, कडेवर पोर, चढणार कशी? तिने ताडपत्री बाजूला केली.

आत एक बाई बसली होती.

काळी अबाया. तोंडावर तिकडच्या बायका घालतात तो कडक, चकचकीत मुखवटा... फक्त डोळे दिसतात तो.

अम्मीला हायसं वाटलं. चला, सोबत झाली. आणि तिने तेच केलं जे आपल्याकडची कुठलीही बाई करते. एसटीत चढताना आपण काय करतो? बसलेल्या बाईच्या मांडीवर पोर देतो आणि मग दांडा धरून चढतो. कोण, कुठली, कोणी विचारतं का?

"जरा धरा हो, बाय," अम्मी म्हणाली.

हलिमाला तिने त्या बाईच्या मांडीवर दिलं.

बाईने बाळ घेतलं.

अम्मी चढून समोर बसते न बसते तोच गाडी निघाली. रस्ता कसला, नुसते दगड. ताडपत्री तापून चटके देत होती. घाम पुसून अम्मीने हात पुढे केले.

"द्या आता."

बाई हलली नाही.

भाषा कळत नसेल, अम्मीला वाटलं. तिने हसून खुणेने मागितलं.

बाईने अबायाचा पदर हलिमाच्या तोंडावर ओढून घेतला.

गाडी इतकी हादरत होती की पिठाची पोती जागची उडत होती. अम्मीचं डोकं दोनदा वरच्या सळईवर आपटलं.

ती बाई मात्र... जराही हलत नव्हती.

आणि हलिमा... गप्प. भुकेची वेळ टळून गेली होती. ती पोर भुकेला क्षणभरही उशीर सोसणारी नव्हती, टाहो फोडून अख्खी वाडी गोळा करायची. आणि आता हुं की चूं नाही.

"अगो, गुदमरेल पोर! दे इकडे!" अम्मीने अबाया ओढली.

बाईने मान वर केली.

अम्मी म्हणायची, त्या डोळ्यांत राग होता. ओळख ना पाळख, आणि एवढा राग... अम्मीनेच तिचं मूल हिसकावून नेलं असावं असा.

अम्मीने पुढची काच दणादण बडवली. "अहो! थांबवा! गाडी थांबवा!"

गाडी ऐन चढावर थांबली. अब्बा उतरून मागे धावले. अम्मी घाईघाईने फळीवरून खाली उतरली, त्यांना बोलवायला दोन पावलं पुढे झाली.

"अहो, ती बाळ देत नाही!"

"कोण?"

"ती बाई! आत बसलीय ती!"

अब्बांनी ताडपत्री पूर्ण वर केली.

पिठाची पोती. अम्मीची ट्रंक. पाण्याचा डबा.

बस्स.

उतरायची वाट एकच, आणि तिथे हे दोघं उभे होते. अब्बांनी पोती उपसली. ट्रंक उघडली... ट्रंकेत पोर कशाला असेल? पण माणूस त्या वेळी काय काय बघतो!

"हलिमाऽऽ!" अम्मी ओरडली.

डोंगरात आवाज घुमला नाही. वारा पडलेला. एक पान हलत नव्हतं, मुळात पान नव्हतंच तिथे.

"वली, बच्ची गुम हो गई! पीछे औरत थी!" अब्बांचा आवाज फाटला.

वली जागेवरून उठला नाही. त्याने इंजिन सुरू केलं.

"बैठो. खलास. यहां रुकना नहीं."

माझी अम्मी साधी बाई. अब्बांसमोरही मोठ्याने बोलायची नाही. त्या दिवशी ती तापलेल्या दगडांवर, गाडीच्या चाकांसमोर आडवी पडली.

"ने माझ्या अंगावरून! माझी पोर मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

शिव्या देत वली खाली उतरला. दंडाला धरून तिला ओढायला लागला. अब्बा त्याच्या अंगावर धावून गेले. धक्काबुक्की झाली. तेवढ्यात वलीची नजर गाडीच्या काचेवर गेली.

त्याने अम्मीचा दंड सोडला.

पुढच्या सीटवर... बाळ होतं.

उताणं, शांत, डोळे उघडे. दारं लावलेली. एक मिनिटापूर्वी वली त्याच सीटशेजारी बसलेला होता.

"मिळाली गो! मिळाली!" अब्बा रडत होते. त्यांनी बाळ उचलून अम्मीच्या हातांत दिलं. वलीने बाळाला हातसुद्धा लावला नाही, ओठांत आयत पुटपुटत उभा राहिला.

तेच नाक. तेच काजळ. अम्मीने स्वतः शिवलेलं तेच झबलं. तिने पोरीला छातीशी धरलं.

पोर तिच्याकडे बघत राहिली. एवढ्या उन्हात तिचं अंग... गार होतं.

आणि तेवढ्यात... वर, डोंगरात... एक बाळ रडायला लागलं.

भुकेचं रडणं. टाहो.

अम्मीचा झंपर दुधाने भिजला.

मी तीन पोरांची आई आहे, म्हणून सांगते. अंगाला फसवता येत नाही. आपलं पोर रडलं की पान्हा फुटतो, तो कोणाला विचारून फुटत नाही. छातीशी एक पोर होती आणि पान्हा फुटला तो त्या वरच्या आवाजाला.

"ती माझी हलिमा आहे," अम्मी म्हणाली. "ती वर आहे."

"शेळी आहे गो ती," अब्बा म्हणाले. वर मात्र त्यांनी बघितलं नाही.

अम्मी वर धावणार तेवढ्यात वली आडवा आला. पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलला.

"जो मिला है वो लेके चलो. ज्यादा मांगोगी, ये भी जाएगा."

दोघांनी मिळून तिला उचलून पुढच्या सीटवर कोंबलं. आता वलीला खेटून बसली तरी अब्बांना काही वाटलं नाही. गाडी चढायला लागली. ते रडणं... कधी डाव्या अंगाने, कधी उजव्या अंगाने... वळणावळणाला सोबत येत होतं. अम्मी दाराला झोंबत होती, अब्बांनी कडी धरून ठेवली होती.

माथा ओलांडला... आणि रडणं थांबलं.

महिन्याभरात अब्बांनी नोकरी सोडली. बेटावर पुन्हा पाय ठेवला नाही. मरेपर्यंत म्हणत राहिले, शेळी होती.

मी अम्मीचं दूध कधी प्यायले नाही. डब्याच्या पावडरीवर वाढले. अम्मीने मला काही कमी केलं नाही, खोटं कशाला बोलू? भाकरीबरोबर मासा आधी माझ्या ताटात. पण कधी धपाटा नाही, कधी शिवी नाही, कधी कुशीत घेणं नाही. पाहुण्यांची पोर सांभाळावी तसं तिने मला सांभाळलं. मला वाटायचं, स्वभाव असेल.

मागच्या वर्षी ती इथेच, माझ्या घरी वारली. जायच्या आधी एका सकाळी तिने मला बसवून हे सगळं सांगितलं. मी हसले. म्हटलं, "अम्मी, मग मी कोण?"

ती हसली नाही.

तिने माझे दोन्ही हात धरले. इतके घट्ट तिने आयुष्यात कधी धरले नव्हते. माझ्या तोंडाकडे बघून रडायला लागली.

"तुझ्यावर माझा राग नाही, बाय. तू चांगली पोर आहेस. फक्त एक कर ना... तुझ्या आईला सांग, माझी मला परत दे."

आता त्या बेटावर पक्का रस्ता झालाय, फेरी जाते. माझा मुलगा मागे लागलाय. "ममी, इट्स जस्ट अ फेरी राइड. लेट्स गो!"

मी इन्शाल्ला म्हणते आणि विषय बदलते.

मला डोंगराची भीती वाटत नाही. भीती वाटते ती, तिथे मला कोणीतरी ओळखेल याची.