तो नुसता बाजूला बसतो

हे खरं आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. आणि रात्री-बित्री नाही. मंगळवारी, दुपारी साडेतीन वाजता, लख्ख उन्हात. ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या अंगणात. गाडी उभी होती. इंजिन बंद होतं. चावी आक्काच्या मुठीत होती.

तरीही घडलं.

आक्का म्हणजे माझी ही बहीण. तिचे यजमान गेले तेव्हा मागे राहिली एक खोली, तिचं शटर आणि शिकवायची एक गाडी. आक्काने ते स्कूल वीस वर्षं रेटलं. स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, पण कोण क्लच जाळतो, कोण परीक्षेत दोनदा आपटला, सगळं तोंडपाठ. शिकवायचं काम मुलाकडे. त्याला सगळे मास्तर म्हणतात.

शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा बाजूच्या सीटवर मास्तरच्या पायाशी. शिकणारा चुकला की मास्तर आपला ब्रेक दाबतो. मास्तरचं सगळं काम त्या एका पायात असतं.

हे लक्षात ठेवा. कारण आक्का विसरली.

झालं असं की मास्तरच्या अंगावर खाज उठली. पाठभर लाल चकंदळं. डॉक्टरने मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एक, दुपारी जेवल्यावर एक. आणायला आक्का गेली.

केमिस्टने पाकिटावर बोट ठेवलं. "मावशी, हे लाल अक्षरात काय लिहिलंय बघा. या गोळीने झोप येते. घेतल्यावर गाडी चालवायची नाही. मुलगा काय करतो?"

"गाडी शिकवतो."

"मग ही नको. डॉक्टरांना विचारा, दुसरी देतील."

मागे रांग लागलेली. चारचौघांत कुणी शिकवलेलं आक्काला खपत नाही. ती मागे वळून सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अरे बाबा, तो कुठे चालवतो? चालवतात ते शिकणारे! तो नुसता बाजूला बसतो!"

रांग हसली.

केमिस्टही हसला, आणि पाकीट देऊन टाकलं.

घरी येऊन आक्काने हा किस्सा रंगवून सांगितला. मास्तर पोट धरून हसला. एकटी सून हसली नाही.

चार दिवसांनी ती म्हणाली, "आई, हे घास हातात धरून झोपतात हो. गोळी बदलून घ्या ना."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. पण मला डोळे आहेत."

"मग ते ताटाकडे ठेव."

सून ताटं उचलून आत गेली. त्या घरात गप्पच बसावं लागतं.

साडेतीनचा धडा पाळणाघरवालीचा होता. सेहेचाळीस वर्षांची बाई. लोकांची पोरं सांभाळून तिने एकटीने मुलगी वाढवली. मुलगी नोकरीला लागली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची हौस केली. गाडी शिकायची.

बाई घाबरट, पण शिस्तीची. प्रत्येक गोष्ट तोंडाने म्हणायची. "आरसा... इंडिकेटर... क्लच..." आणि ब्रेकच्या आधी दर वेळी विचारायची, "सर, ब्रेक?"

मास्तर म्हणायचा, "दाबा." मगच ती दाबायची.

ही सवय त्यानेच लावली होती. मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हे त्याचं पहिल्या दिवसाचं वाक्य.

नववा धडा. उतार. उताराखाली चौक.

चौकात पांढरा ट्रक.

बाई जागच्या जागी गेली. मास्तरच्या खांद्याचं हाड मोडलं.

पोलिसांना तो म्हणाला, "बाई घाबरल्या. ब्रेकऐवजी भलतंच दाबलं. माझा पाय पोचेपर्यंत उशीर झाला." शिकाऊ बाई, त्यात वयाने मोठी, कुणीही विश्वास ठेवला. कागदावर चूक तिची लागली. मास्तरने दुपारी काय गिळलं होतं ते कुणी विचारलं नाही.

बाईची मुलगी एकदा स्कूलच्या दारात आली. एवढंच विचारलं, "आई शेवटी काही बोलली का?"

आणि आक्का काय म्हणाली? "तुझ्या आईला सांगून सांगून माझ्या मुलाचा घसा बसला. या वयात ही थेरं सुचवली कुणी?"

माझी बहीण आहे, तरी सांगते. तेव्हाच तिची जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

मुलगी आल्या पावली परत गेली.

तीन महिन्यांनी गाडी दुरुस्त होऊन अंगणात आली. खांदा बरा झाला. खाज मात्र जात नव्हती, म्हणून गोळ्या चालूच. तीच गोळी. तेच लाल अक्षर.

दुसऱ्या दिवशी आक्का गाडी पुसायला गेली, तर आतला आरसा वाकडा.

मागचा रस्ता दिसावा म्हणून तो आरसा असतो. तो वळला होता बाजूच्या सीटकडे... मास्तरच्या सीटकडे.

आक्काने सरळ केला. गाडीला कुलूप लावलं.

सकाळी पुन्हा तसाच.

"कोण खेळतंय गाडीशी?" आक्का कडाडली. सून म्हणाली, "चावी तुमच्याकडे असते, आई."

शनिवारी आक्का ऑफिसात कागद लावत बसली होती. शेजारच्या वर्कशॉपमध्ये सकाळपासून लोखंडाचं घासकाम चाललं होतं. कान किटले होते. मध्येच ते थांबलं. पंख्याचा आवाजही येईना. पंखा तर फिरत होता...

मग अंगणातून हळू आवाज आला.

"आरसा..."

आक्काला वाटलं, कुणाचा रेडिओ.

"इंडिकेटर..."

ती उठली.

"क्लच..."

मागचं दार ढकलून ती बाहेर आली. अंगण रिकामं. गाडीच्या चारही काचा वर. आत कुणी नाही.

घड्याळात साडेतीन.

अंगणापलीकडे घराच्या ओट्यावर सून दोरीवरचे कपडे काढत होती. तिने मान वळवली नाही. "तुम्हाला आज ऐकू आलं होय? मला पहिल्या दिवसापासून येतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोललेलं या घरात कुणाला ऐकू येतं?"

भीती वाटली की आक्काला राग येतो. लहानपणापासूनचं आहे ते. अंधारात पाल पडली तर आम्ही किंचाळायचो, आणि ही पालीला शिव्या घालायची. आताही तिला रागच आला. मेलेल्या बाईचा. माझ्या अंगणात येऊन माझ्या मुलाला बदनाम करतेस?

त्यात बुधवारपासून साडेतीनला नवीन विद्यार्थिनी लागायची होती. कॉलेजातली पोर.

म्हणून मंगळवारी जेवणं झाल्यावर आक्काने मास्तरला अंगणात नेलं. "बस तुझ्या जागी. मी तिच्या जागी बसते. बघू कोण येतं ते."

"आई, काय हे खूळ? मला जरा पडू दे."

"बस म्हटलं ना!"

मास्तर बसला. आयुष्यात पहिल्यांदा आक्का स्टिअरिंगसमोर बसली. दारं लावली. चावी मुठीत घट्ट धरली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. काही नाही.

"बघ," ती म्हणाली, "काही नसतं. मनाचे खेळ सगळे."

मास्तर बोलला नाही.

वर्कशॉपमधलं घासकाम थांबलं...

आणि आक्काच्या कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी म्हणालं, "आरसा."

आरसा हलला. तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू वळला. त्यात मास्तरचा चेहरा आला. मान लुळी. तोंड उघडं. ओठातून लाळ.

झोपला होता. साडेतीन वाजता, बसल्या बसल्या, ढाराढूर.

"इंडिकेटर... क्लच..."

आक्काच्या पायाखाली क्लच आपोआप आत गेला. पाय घेऊनच गेला. तिला पाय उचलता येईना.

"सर, ब्रेक?"

मास्तर हलला नाही.

"सर... ब्रेक?"

आवाज आता घाबरला होता.

"सर! सर, ब्रेक!"

आक्काला ओरडायचं होतं. घशातून हवासुद्धा निघेना. थंड हाताने कुणीतरी तिची हनुवटी धरली आणि मान मुलाकडे वळवली. समोर बघता येईना. फक्त तो. फक्त ती लुळी मान.

डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं. अंगणाची भिंत नव्हती. समोरच्या काचेत काहीतरी पांढरं, मोठं होत होत...

मग सगळं थांबलं.

अंगण. भिंत. ऊन. घासकामाचा आवाज.

मास्तरने मान उचलली, तोंड पुसलं आणि डोळे न उघडताच म्हणाला, "दाबा, दाबा. मी जागाच आहे."

आक्काने त्याच्या थोबाडीत मारली. चाळिशीतल्या, बायकोपोरांच्या माणसाच्या.

"जागा होतास?"

"आई..."

"ती हाका मारत होती तुला! पुढचं सोडून तुझ्याकडे बघत बसली बिचारी, तू काय सांगतोस म्हणून! जागा होतास तू?"

मास्तरने पायाखालच्या ब्रेककडे बघितलं. मग रडायला लागला. "मला ऐकू येत होतं गं. लांबून येत होतं. वाटत होतं, उठू... पाय उचलतच नव्हता."

"आणि पोलिसांना काय सांगितलंस?"

"मी कुठे चालवत होतो, आई? तूच म्हणाली होतीस ना..."

आक्का चावी मुठीत धरून गाडीतून उतरली.

मलाही राग येतो, अजून येतो. त्या डॉक्टरचा, ज्याने धंदा विचारला नाही. त्या केमिस्टचा, जो विचारूनही एका विनोदावर गप्प झाला. मास्तरचा तर येतोच. स्वतःचे डोळे मिटतायत हे स्वतःला कळत नाही होय? पण सगळ्यात जास्त कुणाचा येतो, ते आक्काला माहीत आहे. तिनेच ते मला आधी सांगितलं.

त्याच दुपारी तिने मास्तरला हाताला धरून पोलिसांकडे नेलं. गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं.

साहेब म्हणाले, "मावशी, केस मिटलीय. कशाला उकरताय? पोटचा मुलगा आहे तुमचा."

"मिटवली तुम्ही. मेली ती. लिहा."

साहेबांनी लिहिलं. मास्तरचं लायसन्स ठेवून घेतलं. पुढे काय व्हायचं ते होईल. तारखा चालू आहेत. स्कूलचं शटर आक्काने स्वतःच्या हाताने खाली ओढलं. आता नातेवाईक म्हणतात, आई असून मुलाला अडकवलं. आक्का म्हणते, हो, अडकवलं.

तिथून ती दोघं चालतच पाळणाघरवालीच्या घरी गेली. दोन जिने चढून. चपला दाराबाहेर काढून उंबऱ्यावर उभी राहिली. मुलगी कामावरून नुकती आली होती, खांद्याला पर्स तशीच.

आक्काने सगळं सांगितलं. गोळी, रांग, विनोद, झोप. स्वतःचं काही लपवलं नाही. मास्तर खाली मान घालून उभा.

मुलगी रडली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तीन महिने," ती म्हणाली, "तीन महिने मी माझ्या मेलेल्या आईशी भांडतेय. रोज. एवढं साधं कसं चुकलीस म्हणून. तुला पाय कुठला, ते कळलं नाही का म्हणून."

"पोरी..."

"मला पोरी म्हणू नका. माफी मागायला आला असाल तर मिळणार नाही. चालते व्हा."

तिने दार लावायला हात घातला. आणि हात तिथेच राहिला.

ती खाली बघत होती. चपलांकडे.

आक्काने बघितलं. तिच्या चपला. मास्तरचे बूट. आणि त्यांच्या शेजारी, नीट जुळवून ठेवलेला, तिसरा जोड. बायकांचा. उजवी टाच एका बाजूने झिजलेली.

आले होते दोघंच. जिन्यात पावलं दोघांचीच वाजली होती.

मुलीचे ओठ हलले. आक्काला ऐकू आलं नाही, पण समजलं. दोनच अक्षरांचा शब्द होता.

मुलगी मागे सरकली. दार तिने सताड उघडं टाकलं आणि आत जाऊन भिंतीशी उभी राहिली. कुणाला तरी वाट द्यावी तशी.

आक्का आणि मास्तर मागे वळले. चपला घातल्या. तेव्हा तिथे दोनच जोड होते.

इथपर्यंत आक्का धडधडीत सांगते. पुढे मात्र तिचा आवाज उतरतो.

ती म्हणते, बाई घरात गेली असेल, लेकीपाशी, तर देवच पावला. पण मग चपला बाहेर राहायला हव्या होत्या. चपला घालून कुणी आपल्या घरात शिरत नाही.

आणि आत गेली नसेल तर...

जिना उतरताना मास्तर पुढे होता, आक्का मागे. मध्ये चार पायऱ्यांचं अंतर. आक्काने कितीदा तरी पाय उचलला, पण ते अंतर तिला भरून काढता आलं नाही.

मधली जागा रिकामी नव्हती, म्हणते.