पॉलिशखात्यावरचा दिवा

छताकडे बघत मागे मागे चालणारा तो माणूस नेमका माझ्याच ट्रॉलीवर आदळला. स्टीलची झाकणं खणखणत शेडभर पसरली. "वर बघत होतो," तो ओशाळून म्हणाला. मी म्हटलं, "खालीही माणसं असतात." तो हसला... आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

तो दिवेवाला. कारखान्याच्या उंच छताला नवे एलईडी दिवे लावायचे होते, म्हणून जागोजागी नमुने टांगून बघत होता. माझ्या तपासणीच्या टेबलावर एकच नमुना, आणि स्टोअरमध्ये? तीन! तिथली लांब वेणीची स्टोअरवाली त्याची शिडी धरून उभी राहायची. तिचं हसू पार आमच्या पॉलिशखात्यापर्यंत ऐकू यायचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात माझा दिवा असा, की चकचकीत झाकणांवरून झोत थेट डोळ्यांत. ओरखडे दिसणार कसे? डोळ्यांवर सावली यावी म्हणून फोरमनने आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. दिवेवाल्याने ते पाहिलं, आणि नंतर दोन दिवस तो माझ्याकडे फिरकला नाही. स्टोअरमध्ये मात्र होताच. जाऊ दे, मला काय!

आज दिवे पक्के करून तो कायमचा जाणार होता. शिडी घेऊन आला, विचारलं, कसा वाटतो दिवा.

"मला कशाला विचारता? स्टोअरमध्ये विचारा. तिथे बरे तीन-तीन लावलेत."

"तिथे रॅक उंच आहेत. मधल्या बोळात उजेड खाली पोचेना, म्हणून तीनदा बदलला." एवढंच बोलून तो शिडीवर चढला. जुना नमुना काढून दुधी काचेचा दिवा लावला. उजेड अलगद टेबलावर उतरला. झाकणावरचा केसाएवढा ओरखडाही दिसू लागला.

"हा कधी मागवला?"

"मागवला नाही. दोन दिवस काम सुटल्यावर बाजारात हिंडून शोधला." त्याची नजर माझ्या डोक्याकडे गेली. "म्हणजे... आता ती टोपी लागणार नाही."

"टोपीचं काय वाकडं आहे?"

"टोपीचं नाही," तो शिडीला म्हणाला. "फोरमनची आहे म्हणून."

त्याचे कान लाल झाले होते. अगं बाई... मी इथे जळत होते, आणि हा माझ्याहून जास्त! मी हसू दाबत टोपी काढली, त्याच्या हातात दिली.

"माझे सख्खे मामा आहेत ते," मी म्हटलं. "जा, नेऊन द्या. आणि माझ्याबद्दल काही विचारायचं असेल... तर तेही त्यांनाच विचारा."