तळ नसलेला घाट

कडेगावच्या कृष्णातला समुद्र भेटला तो चाळिशी उलटल्यावर. त्याआधी तो सैन्यात, इंजिनियर पलटणीत होता. नद्यांवर पूल टाकायचे, होड्या चालवायच्या, एवढीच त्याची पाण्याशी ओळख. निवृत्त होऊन गावी आला, ऊस लावला, आणि एकोणीस सालच्या महापुरात सांगलीत होडी घेऊन उतरला. तिथं एका गच्चीवरून त्यानं मधुकाका आणि उमाकाकूंना उतरवून घेतलं. काका हळदीचे जुने व्यापारी. साठीनंतर माणसं देवधर्माला लागतात. काकांनी गोव्यात एक शिडाची नौका घेतली होती. पुरातून वाचल्यावर ते कृष्णातला म्हणाले, "आता माझ्या नावेवर तूच."

पुढच्या मार्चात ते तिघं गोव्याहून मस्कतला निघाले. काकांची एकुलती एक लेक अबोली तिकडं होती. पहिलं बाळंतपण. काकूंनी विमानाचा आग्रह धरून पाहिला, पण काका हटून बसले. लेकीच्या दारात आपल्या नावेनं जायचं, हे त्यांचं कधीचं स्वप्न होतं. काकूंनी डिंकाचे लाडू बांधून घेतले आणि गुमान नावेत चढल्या.

निम्मी वाट सरली आणि जगानं दारं लावून घेतली.

किनारा दिसायच्या आधीच रेडिओवर आवाज आला. साथीमुळं कुठलीही नौका आत घेतली जाणार नाही, मागं फिरा. काकांनी विनवण्या केल्या. लेक बाळंत होतेय म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस उर्मट नव्हता. त्यालाही वाईट वाटत होतं हे कळत होतं. पण दर वेळी तो तेच वाक्य पुन्हा म्हणायचा. गोव्याला विचारावं तर तिथलंही बंदर बंद. पुढं जायचं नाही, मागं यायचं नाही. मग नावेवरच्या सॅटेलाइट फोनवर जावयाचा फोन आला : अबोलीला दवाखान्यात नेलंय, काहीतरी अवघड झालंय. एवढं बोलून तो फोनही मुका झाला तो झालाच.

त्या दुपारी वारा पडला.

असा पडला की शिडं धुतलेल्या लुगड्यासारखी लोंबायला लागली. पाणी दुधासारखं पांढरं झालं, आभाळही तसंच, आणि मधली रेघ कुठं गेली ते कळेना. नाव पाण्यावर आहे की नुसती टांगलेली आहे, हेही सांगता आलं नसतं. काकू एकाएकी मान वर करून हुंगायला लागल्या.

"अहो... हळद शिजतेय कुठंतरी."

खरंच शिजत होती. उकळत्या काहिलीची ती ओलसर, मातकट वाफ कृष्णातनं लहानपणापासून नाकात भरून घेतलेली. अथांग समुद्रात ती कुठून यावी? त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. पण खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं. कुणीतरी घरी बोलावल्यासारखं.

मग धुक्यातून पायऱ्या दिसल्या.

काळ्या दगडाचा रुंद घाट होता. सांगलीत नदीकाठी असतो तसा, पण तो नव्हे. पायऱ्या वर वर जाऊन पांढऱ्यात विरून गेल्या होत्या. पायऱ्यांवर माणसं बसली होती. एकमेकांना खेटून नाहीत, सुटी सुटी. दवाखान्याच्या बाकावर नाव पुकारायची वाट बघत बसतात तशी, पाण्याकडं तोंड करून. कुणी खोकत नव्हतं, कुणी हलत नव्हतं.

खालच्या पायरीवरचा माणूस तेवढा उभा राहिला. कृष्णातनं डोळे चोळले. तो नाथाजी होता. त्याचा गाववाला, बाळमित्र. कुठं उत्तरेतल्या शहरात सोनं गाळायचं, गलाईचं काम करणारा.

"ये की रं गड्या," नाथाजी हळूच म्हणाला. आवाज कानाशी बोलल्यासारखा आला. "हितं कुणाला बंदी न्हाई... दोर टाक."

आणि कृष्णातनं दोर टाकला. का टाकला, ते त्याला आजवर उमगलेलं नाही. हात आपोआप उठला. नाथाजीनं तो अलगद झेलला.

"अबू!" काका ओरडले.

वरच्या पायरीवर अबोली बसली होती. अंगात दवाखान्याचा झगा, केस मोकळे, मांडी रिकामी. ती त्यांच्याकडं बघत नव्हती. नावेच्याही पलीकडं कुठंतरी बघत होती. काकूंनी कठड्यावरून एक पाय पलीकडं टाकला.

"काकू, थांबा... वाईच थांबा," कृष्णात म्हणाला.

नाथाजी दोर कडीत ओवायला वाकला होता, तो तसाच राहिला. कुणीतरी मनगट धरावं तसा त्याचा हात मध्येच अडला. त्या क्षणभरात कृष्णातची नजर सवयीनं खोली दाखवणाऱ्या यंत्रावर गेली. नाव पायरीपासून हातभर अंतरावर, आणि यंत्रावर आकडाच नाही. नुसत्या रेघा. खाली तळ नव्हता. मग हा घाट उभा कशावर होता?

त्यानं दोर खेचला. दोर आला, कुणी धरलाच नसल्यासारखा. दुसऱ्या हातानं काकूंना आत ओढलं, इंजिन चालू केलं आणि नाव वळवली. काका अंगावर धावून आले. म्हाताऱ्या मुठींनी त्याच्या पाठीवर मारत राहिले.

"माझी पोर तिथं आहे रे... सोड मला! माझी पोर आहे तिथं!"

"न्हाई काका. ती तितं असंल तर अजून परत फिरंल... आपण उतरलो तर कोणच फिरायचं न्हाई."

हे शब्द आपल्याला कसे सुचले, हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं मागं वळून बघितलं तेव्हा पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. हळदीचा वास मात्र सांजेपर्यंत शिडांत राहिला.

दुसऱ्या दिवशी बंदराचं मन थोडं विरघळलं. किनाऱ्यावर उतरायचं नाही, पण बाहेर नांगर टाकायला मुभा मिळाली. पाणी-डिझेल घेऊन गस्तीची बोट आली, तिच्याबरोबर निरोपही आला. मुलगा झाला होता. अबोलीला फार रक्त गेलं होतं. आदल्या दुपारी डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि मग कशी कोण जाणे, ती आपणहून शुद्धीवर आली. तिला काही आठवत नव्हतं.

काही आठवड्यांनी ती धक्क्यावर येऊन उभी राहिली आणि बाळाला दोन्ही हातांनी उंच धरलं. काका-काकूंनी नातू पाहिला तो दुर्बिणीतून. बघता बघता काकांनी बाजूला उभ्या कृष्णातचा हात पकडला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

कृष्णात गावी पोचला तो वर्ष सरताना. वाटेत त्याला एकच घोर होता, नाथाजीचा. कुणाला विचारायचा धीर होत नव्हता. पण कडेगावच्या स्टँडजवळ चहाच्या टपरीवर नाथाजी जिताजागता बसला होता. वाळून काडी झालेला, पण हसत होता. कृष्णातला भरून आलं. त्यानं त्याला मिठीच मारली.

"लय ताप आल्ता," नाथाजी म्हणाला. "तिकडं शहरात, मार्चात. पार गेल्यातच जमा हुतो." मग आजूबाजूला बघून तो जवळ सरकला. "दोर मी बांधलाच असता बग. पर त्या पोरीनं माजा हात धरला."

कृष्णातनं हातातला कप खाली ठेवला. "कोण पोर?"

"माज्या शेजारी बसलेली. धा-बारा वर्साची असंल. म्हनली, पप्पास्नी जाऊ द्या... त्येंची येळ न्हाई." नाथाजीनं डावी भुवई बोटानं दाखवली. "हितं वण हुता तिला. टाक्यांचा. मला वाटलं, तुज्या वळखीची असंल."

कृष्णातला मूलबाळ नव्हतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, आणि त्यानं आणि रेश्मानं ती आशा कधीच सोडून दिली होती. घरी जाऊन रेश्मालाही त्यानं काही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांना मुलगी झाली. गावानं पेढे खाल्ले. रेश्मानं हौसेनं नाव ठेवलं, सृष्टी.

सृष्टी आता चार वर्षांची आहे. बडबडी, हट्टी, बापाच्या खांद्यावरून खाली न उतरणारी. परवा दिवाळीत अंगणात पळताना ती ओट्याच्या कोपऱ्यावर आपटली. रेश्मानं ओढणीनं जखम दाबून धरली आणि दोघांनी तिला दवाखान्यात नेलं. रडून रडून पोर बापाच्या मांडीवर निपचित झाली. डॉक्टर टाके घालत होते, आणि कृष्णात तिला दहा-बारा वर्षांची व्हायला किती वर्षं उरली ते मोजत असा हुंदके देत होता की शेवटी डॉक्टरच हसले.

"आवं, घाबरताय काय एवढं? भुवईवर बारीक वण ऱ्हाईल, दुसरं काय न्हाई."