तिच्याशी घरी बोला

"अम्मी, बघ! दात पडला माझा!"

इकरा तळहातावर इवलासा दात घेऊन धावत आली आणि हाजराच्या ओठांवर शब्द अगदी येऊन ठेपले... 'अगो माझी बाय, बघू बघू!' पण तिने ते तसेच गिळले. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत ती कशीबशी "गुड" म्हणाली आणि ओढणी डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात निघून गेली. सहा वर्षांची पोर दात मुठीत धरून दारातच उभी राहिली.

काय हा जीवघेणा छळ! आणि तो तिने आपणहून पत्करलेला!

इराकी फौजांपुढे कुवेत पडलं आणि फकरुद्दीनने सरहद्दीलगतच्या खफजीतलं बिऱ्हाड हलवून बायको-मुलीला दम्मामला आणलं, तेव्हा इकराला पहिल्यांदा शाळेत घालायचं ठरलं. खफजीत हाजराच तिची शाळा होती. रत्नागिरीच्या खाडीतल्या होड्या, नानीच्या परसातला फणस, सुकत घातलेल्या बोंबलांवर टपलेलं मांजर... सगळं ती लेकीला बोलून बोलून दाखवायची आणि पोरगीही दिवसभर नुसती चिवचिवायची. दम्मामच्या शाळेत मात्र ॲडमिशनच्या वेळी तिला इंग्रजीचा एक शब्द येईना. बाईंनी तिला इंग्रजीत कच्च्या असलेल्या मुलांच्या जादा वर्गात घेतलं, मार्चमध्ये पुन्हा परीक्षा घेऊन काय ते ठरवू म्हणाल्या आणि निघताना फकरुद्दीनला इंग्रजीतून काहीतरी कळकळीने समजावलं. तो "येस मॅडम, येस मॅडम" करत मान डोलवत राहिला. हाजरा बुरख्यात त्याच्या मागे उभी होती.

"घरी इंग्रजीतच बोला म्हणतात," बाहेर येऊन तो म्हणाला. "नायतर पोर नापास होईल, शाळा सुटेल. तुला तर इंग्रजी येत नाय, हाजरा. तू... जरा कमीच बोलत जा तिच्याशी."

कमीच कशाला? हाजराने बोलणंच सोडलं! दवाखान्यात, बाजारात, विमानतळावर नवऱ्याच्या तोंडाकडे बघत मुक्यासारखं उभं राहायचं जे आपल्या नशिबी आलं, ते लेकीच्या येऊ नये... बस्स, एवढ्यासाठी! दुपारी पोर झोपली की ती तिच्या कानाशी वाकून हलक्या आवाजात सगळं सगळं सांगायची, आणि पापणी हलली की गप्प व्हायची.

जानेवारीत लढाई पेटली आणि शाळा बंद झाली. दात पडला त्याच संध्याकाळी मगरिबची अजान होऊन गेली आणि सायरन किंचाळू लागला. आजूबाजूच्या इमारतींतली माणसंही त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गोदामात धावली. फकरुद्दीन "डोन्ट क्राय, डोन्ट क्राय" म्हणत इकराला थोपटत होता. पण पोर रडत कुठे होती? ओठ घट्ट मिटून ती नुसती थरथरत होती.

"अम्मी," ती अखेर पुटपुटली, "मी शिकेन इंग्रजी. पण तू माझ्यावरचा राग सोड ना..."

"राग? तुझ्यावर?" हाजराचा बांध फुटला. "अगो माझी बाय, माझ्या काळजाचा तुकडा तू! तुझ्यावर कसला गो राग? घाबरू नको... मी हाय ना!" बाहेर कानठळ्या बसवणारा धडाका झाला, भिंती हादरल्या, आणि हाजरा लेकीला उराशी कवटाळून बोलतच राहिली.

कोपऱ्यातली एक बाई धडपडत उठून जवळ आली. इकराच्या बाई, सुनीती! डॉक्टर नवऱ्याची इस्पितळात ड्यूटी होती, म्हणून शेजारच्या इमारतीतून त्या एकट्याच आल्या होत्या.

"तुम्ही... तुम्ही मराठी?"

"सॉरी मॅडम!" फकरुद्दीन गडबडला. "घाबरली म्हणून बोलली ती. उद्यापासून घरात इंग्रजीच!"

"इंग्रजीच? असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच ना... टॉक टू हर... ॲट होम..."

सुनीतीबाईंचा चेहरा उतरला. "अहो, तिच्याशी घरी भरपूर बोला, तुमच्या भाषेत बोला, असं सांगत होते मी! घरी मोकळं बोलणारं मूल शाळेतही बोलायला लागतं. ही वर्गात तोंडच उघडत नाही, आणि मी आपली कारण शोधतेय... मी साताऱ्याची हो! पण नाव वाचलं, बुरखा बघितला, आणि तुम्हाला मराठी येत असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

फकरुद्दीनची मान खाली गेली. "मला कळलं नव्हतं, मॅडम... विचारायची लाज वाटली." मग तो हाजराकडे वळला. "तुझं तोंड मीच शिवलं गो. माफ कर मला."

किती बोलता आलं असतं तिला! पण ती एवढंच म्हणाली, "माझं ऱ्हाऊ दे. आधी तिला सांगा."

तो लेकीसमोर गुडघ्यांवर बसला. "बाय, अम्मी रागावली नव्हती. तुझे अब्बा चुकले."

इकराने घामेजलेली मूठ उघडली. दात अजून तिथेच होता. "अम्मी, मग याचं काय करायचं?"

"आपल्या गावी कौलांवर टाकतात तो... सांगते हां, सगळं सांगते..."

धोका टळल्याचा भोंगा झाला. गोदाम हळूहळू रिकामं झालं, सुनीतीबाईही डोळे पुसत गेल्या. फकरुद्दीन दाराशी थांबून राहिला, पण उठा म्हणाला नाही. हाजराचं बोलणं अजून संपलं नव्हतं.