हेल्मेटनं धरलेली जागा

खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हा एसटीचा कायदा विशाखा लहानपणापासून पाळत आली होती. त्या संध्याकाळी मात्र पाचोडच्या गाडीत तिचा रुमाल सीटवर नाही, एका काळ्या हेल्मेटवर जाऊन पडला. गर्दीतून वाट काढत ती आत पोहोचली, तर हेल्मेटचा मालक शेजारीच उभा.

“हेल्मेट टाकून जागा धरत्यात व्हय कुठं?” औरंगपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानातलं काम संपवून स्टँडपर्यंत तरातरा चालत आल्यानं तिला धाप लागली होती.

त्यानं तिच्याकडं पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हेल्मेट उचललं आणि रुमाल तिच्या हातात दिला. “बसा तुम्ही. मी मागं उभा राहतो.”

दुसऱ्या दिवशी त्याच सीटवर तेच हेल्मेट. तिसऱ्या दिवशीही. ती आली की तो हेल्मेट उचलून तिला जागा द्यायचा. त्याचं नाव अतुल, स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान, एवढं कळायला आठवडा गेला. गाडी सुटेपर्यंतची पाच मिनिटं दोघं बोलायचे आणि मग हा मागच्या गर्दीत गडप. पाचोडला तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन उभा असायचा, त्यामुळं उतरल्यावर मागं वळून पाहायचीही सोय नव्हती.

महिनाअखेर आली. पहिल्या तारखेपासून विशाखा मैत्रिणीसोबत औरंगपुऱ्यातच खोली घेऊन राहणार होती. रोजची दगदग सुटणार, पण ती पाच मिनिटंही सुटणार... आणि त्याचंच तिला फार वाईट वाटत होतं. निदान एकदा त्याचं तिकीट तरी काढावं, म्हणून ती कंडक्टरबाईंना म्हणाली, “दोन पाचोड. मागं हेल्मेटवाले हायेत, त्यांचंबी.”

बाई हसल्या. “तो व्हय? तो तर रोज गाडी हलायच्या आत उतरतो, ताई. त्याची मोटारसायकल भाईरच उभी असती.”

विशाखाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी, ती दुकानातून अर्धा तास आधीच निघाली. अतुल गाडीत चढला, तर त्याच सीटवर ती बसलेली आणि शेजारी तिचा रुमाल.

“बसा.”

“नाय, मी... मागं उभा राहतो की.”

“मागं का भाईर?”

चोरी पकडली गेली होती. अतुलनं हेल्मेट पोटाशी धरलं. “पहिल्या दिवशी मावशीसाठी जागा धरली होती. मावशीचं जाणं रद्द झालं.”

“अन् नंतर?”

“नंतर... तुम्ही दिवसभर दुकानात उभ्या, परत गाडीत उभ्या. बघवंना.”

“तेवढंच?”

“तेवढंच नाय. लई आवडता तुम्ही मला.”

विशाखानं खिडकीबाहेर पाहिलं, कारण हसू आवरत नव्हतं. “उद्यापासून मी हितंच राहणार. मला जागा नको आता.” त्याचा चेहरा उतरला, तशी ती हळूच म्हणाली, “दुकान सुटल्यावर सोबत लागंल. पायी हं. गाडीवर लवकर पोचतं माणूस.”

घंटी वाजली. “उतरायचं नाय का आज?” कंडक्टरबाईंनी विचारलं.

अतुल रुमाल उचलून तिच्या शेजारी बसला. “दोन पाचोड.”

“पाचोडला भाऊ असतो माझा,” विशाखा पुटपुटली.

“असू द्या,” तो म्हणाला. “हेल्मेट हाय ना जवळ.”