बिननावाची ताटली

ओजसच्या रक्तात झाडूवाले भरपूर होते, धडधाकट मुलाच्या रक्तात असतात त्याहून कितीतरी जास्त. आणि त्याच्या पेशींच्या आत केराचे ढीग साचलेले. असं कसं?

डॉक्टरांचं बोलणं ऐकून हे कोडं आमच्या घरात पहिल्यांदा विचारलं मृण्मयीनं, माझ्या नातीनं. ओजस तिचा धाकटा भाऊ. चार वर्षांचा होत आला होता, पण दिसायचा दोनचा. बोटं आखडलेली, श्वास अपुरा. हसायला लागला की मात्र अख्ख्या भांडी बाजाराला ऐकू जायचं.

शिकलेल्या माणसांनी ही गोष्ट लिहिली तर तुम्ही तिसऱ्या ओळीला झोपाल, म्हणून मी लिहितेय. मला समजलं ते तुम्हाला समजेलच.

नाशिकला भांडी बाजारात आमचं दुकान आहे. भांडं घ्या आणि त्यावर नाव घालून घ्या. पूर्वी मी हातानं घालायची. माझं अक्षर पुसायला कुणाची राख पुरी पडली नाही. आता यंत्र आहे, सुई आपोआप फिरते. यंत्राच्या पुढं दगडू उभा असतो. दगडू म्हणजे आमचा यंत्रमानव. नाव मी ठेवलं, त्याला शोभतं. भांड्यावरचं नाव वाचायचं आणि भांडं त्या गिऱ्हाइकाच्या फळीवर ठेवायचं, हे त्याचं काम. नाव नसेल तर ते विकायचं भांडं, बाहेरच्या मांडणीवर.

आमच्या घरात मूल चार वर्षांचं झालं की त्याला स्वतःची ताटली मिळते, नाव घातलेली. ओजससाठी मी जड बुडाची निवडली, त्याच्या हातानं सरकू नये म्हणून. यंत्रात ठेवली आणि सुनेला हाक मारायला आत गेले. परत येते तो ताटली नाही.

"दगडू, ताटली कुठंय?"

"नाव नव्हतं. बाहेर ठेवली. विकली गेली."

"नाव नव्हतं म्हणजे? यंत्र फिरतंय ना मेल्या!"

यंत्र फिरत होतं, आवाजही नेहमीचाच. पण सुई मोडलेली. सकाळपासून प्रत्येक भांडं त्या मोडक्या सुईखालून कोरंच पुढं गेलं होतं. आतल्या फळ्या मोकळ्या आणि बाहेर पायरीपर्यंत भांडीच भांडी. मी दगडूला नाही नाही ते बोलले.

तेवढ्यात विश्राम भाऊजी आले. हे माझे धाकटे दीर, पेशीशास्त्रज्ञ. पेशीत तयार झालेलं प्रथिन (शरीरात नाना कामं करणारा अतिबारीक घटक) नेमकं आपल्या जागी कसं पोचतं, हे शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी म्हणायची, "भाऊजी, दुसऱ्यांचे पत्ते शोधता शोधता स्वतःचा संसार मांडायचा राहिला तुमचा."

त्या दिवशी मृण्मयी त्यांचा हात धरून म्हणाली, "आबा, दगडूनं ओजसची ताटली विकली. ताटलीत काही खोट नव्हती. दगडूही नेमानं वागला. तरी गेली."

भाऊजी मांडणीकडं बघत पायरीवर बसले. म्हणाले, "मृण्मयी, तुझ्या कोड्याचं उत्तर तूच दिलंस."

मग त्यांनी सांगितलं ते असं. आपलं शरीर पेशींचं बनलेलं. प्रत्येक पेशी म्हणजे एक घर. त्या घरात केर गोळा करून मोडायची एक खोली असते, तिला लयकारिका म्हणतात. तिथं काम करतात ती विकरं (मोठ्या वस्तूंचे तुकडे करणारी प्रथिनं). हेच ते झाडूवाले. पण ते त्या खोलीत जन्मत नाहीत. तयार होतात दुसरीकडं आणि मग येतात गॉल्गी संकुलात.

"ते काय असतं?" मी विचारलं.

"तुमचं दुकान, वहिनी. तिथं भांड्यावर नाव घालतात."

झाडूवाल्याच्या अंगावर साखरेची एक शेपटी असते. गॉल्गी संकुलातलं एक यंत्र त्या शेपटीवर बारीकशी खूण करतं. खूण वाचणारे पुढं उभेच असतात. खूण दिसली की ते झाडूवाल्याला पुटिकेत (बारीकशा पिशवीत) घालून लयकारिकेकडं धाडतात. खूण नसली तर तो जातो पेशीबाहेर, रक्तात.

"ओजसची सुई मोडलीय," मृण्मयी हळूच म्हणाली.

"जन्मापासून."

"मग रक्तातले झाडूवाले उचलून परत आत ढकला ना!"

"खूण नसली तर पेशी त्यांना दार उघडत नाही, बाळा."

माझ्या मनात इतके दिवस एकच घोळत होतं. सुनेच्या पोटात असताना काही खाल्लं-प्यालं गेलं का, कुणाची हयगय झाली का. सुनेला तोंडावर बोलले नव्हते, पण ती माझ्या डोळ्यांत वाचत होती. त्या संध्याकाळी मी तिच्या पुढ्यात चहा ठेवला आणि म्हटलं, "तुझ्या हातून काही झालेलं नाही. सुई मोडलेली होती." ती खूप रडली. मीही.

भाऊजींना मी एकच विचारलं. "सुई दुरुस्त करता येईल?"

"करायला शिकतोय. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये आधी. ओजसच्या कातडीतल्या थोड्या पेशी द्याल?"

"घ्या. पण घाई करा."

त्यांनी घाई केली. घरी जेवायला येणंसुद्धा बंद केलं. पण ओजसचा आजार त्यांच्यासाठी थांबला नाही. थंडीत एका दुपारी, मृण्मयी त्याला दगडूची नक्कल करून दाखवत होती, आणि तो हसता हसता दमला. मग दमलेलाच गेला.

दुकान बरेच दिवस बंद होतं.

उघडलं त्या आठवड्यात भाऊजी आले. पायरी चढेनात. म्हणाले, "वहिनी, ओजसच्या पेशी बशीत वाढताहेत. त्यांच्यात नवी सुई बसली. झाडूवाले आत जायला लागलेत. केर कमी होतोय." आणि खाली बघून, "उशीर झाला."

"झाला," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "तुमच्या त्या बशा ठेवता कशात?"

"डब्यात. ऊबदार कपाटात."

"डबा आमच्याकडचा न्या."

मी जाड पत्र्याचा डबा काढला. शेजारचा दुकानदार म्हणाला, नावाआधी 'कै.' घाला, खाली 'स्मरणार्थ' घाला, तशी रीत आहे. मी म्हटलं, "त्याच्या पेशी जित्या आहेत. तुझी रीत तुझ्या भांड्यांवर घाल." यंत्र बाजूला सारलं. टोच्या आणि हातोडी घेऊन तीनच अक्षरं घातली, खोल. मृण्मयीनं बोट फिरवून बघितलं. लागतंय म्हणाली.

डबा पोचवायला आम्ही दोघी भाऊजींच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथं कपाटापाशी एक यांत्रिक हात आहे, दगडूचाच कुणीतरी भाऊबंद.

"आजी, ही सुई आता दुसऱ्या कुणाला वेळेवर मिळेल?" मृण्मयीनं विचारलं.

"आबांना विचार. आणि त्यांचे हात थकले तर तुझे आहेत."

यांत्रिक हातानं डबा उचलला, फिरवला, थांबला.

त्यानं नाव वाचलं, आणि डबा आत नेला.